हाकेच्या अंतरावर

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१७ नोव्हेंबर २०२४

जोएल,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावर कोचीचा शिक्का बघून आईने ते माझ्या उशीवर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तुझा नंबर मी ब्लॉक केला होता तो तसाच आहे, तसाच राहू दे. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान समोरच्याचं वाक्य पुरं होतं.

तुझं म्हणणं कळलं. पप्पा एकोणऐंशीचे झाले, मम्मी गेल्यापासून एकटे राहतात, तू त्यांना कोचीला चला म्हणतोस आणि ते विषय बदलतात. मी रविवारी त्यांच्याकडे जाते हे तुला कुणीतरी सांगितलं, तेव्हा आता मी त्यांना समजवायचं. नवऱ्याबरोबर कोचीला यायला जिने नकार दिला, तिनेच सासऱ्यांना तिथे जायला पटवायचं. हे लिहिताना तुला हसू आलं की नाही माहीत नाही. मला वाचताना आलं.

हो, मी जाते. दोन वर्षं होत आली. आमच्या लॅबमध्ये ते साखर तपासायला आले होते, तिथे भेट झाली आणि मग येणंजाणं सुरू झालं. आपला घटस्फोट झाला, त्यांच्याशी माझं भांडण कधीच नव्हतं.

कोचीतल्या मट्टांचेरीबद्दल तू छान लिहिलं आहेस. मसाल्यांची गोदामं, ज्यूंच्या सिनेगॉगमधल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, एकीचं चित्र दुसरीवर नाही, जगभरातून बघायला येणारी माणसं. मी ते पान पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग तुझं शेवटचं वाक्यही वाचलं, "पनवेलमध्ये आहे काय, हायवे आणि मच्छी."

ते हसले. म्हणाले, "त्याला कळव, हायवे फार नंतर आला."

मी तुझा निरोप नीट सांगितला. स्वतःचं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला इथे काम आहे गं. ते झाल्याशिवाय हलता येणार नाही." काय काम ते मला माहीत आहे, पण तुला सांगायचं नाही असं त्यांनी वदवून घेतलं आहे. तब्येतीचं विचारशील तर चालणं भरपूर आहे, जेवण बरं आहे.

अनुया


खांदा कॉलनी
१ डिसेंबर २०२४

जोएल,

तुझं उत्तर आलं. "काय काम?" एवढा एकच प्रश्न, तोही दोनदा अधोरेखित केलेला. मी पत्र घेऊन पप्पांकडे गेले आणि म्हटलं, आता मी लपवणार नाही. त्यांनी चहा ढवळून खाली ठेवला. मग म्हणाले, "सांग. पण रडगाणं लिहू नकोस."

पप्पांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्याने नळीतून बघावं तेवढं दिसतं, आणि ती नळीही बारीक होत चालली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणून तुला सांगितलं होतं, ते याचंच होतं. औषधं वेळेवर घेतात. डॉक्टर म्हणाले, आहे ते जितकं टिकेल तितकं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही.

मला कसं कळलं ते सांगते. लॅबमध्ये ते काउंटरवर आले, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि म्हणाले, "मॅडम, फास्टिंग शुगर करायची आहे." मॅडम. मला वाटलं, मुद्दाम करतायत. पाच वर्षं एका स्वयंपाकघरात राहिलेली मी, आणि मॅडम. मी तोंड फिरवून फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी सही केली ती कागद सोडून काउंटरच्या काचेवर. तेव्हा मी "पप्पा" म्हटलं. त्यांनी चेहरा वर केला आणि माझ्या कानाच्या बाजूला बघत विचारलं, "अनुया? अगं, तू इथे बसतेस?"

तर त्यांचं काम हे आहे. दिसतंय तोवर जुनं पनवेल पाठ करायचं. रोज सकाळी ते घरातून निघतात, डोळे मिटतात आणि चालतात. रविवारी मी बरोबर असते. पहिल्यांदा त्यांना इस्रायल तलावाच्या काठाने डोळे मिटून चालताना बघितलं तेव्हा मी धावत जाऊन दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि म्हणाले, "धरायचं असेल तर घरी जा."

पावलं मोजत नाहीत ते. मोजणारा मध्ये कुणाशी बोलला की आकडा विसरतो, आणि पनवेलमध्ये कुणाशी न बोलता चालणं शक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत. डाव्या गालाला गार लागलं की तलाव. शिंक आली की मिरची गल्ली. तिथून पुढे नव्या दोरखंडाचा आणि ताडपत्रीचा वास येतो, ते वहाबभाईंचं दुकान. वहाबभाई मस्कतहून परत आले आणि होड्यांना लागणारं सामान विकायला बसले, तुला आठवत असतील. उजवीकडच्या देवळाची घंटा घोगरी आहे, तिला कुठेतरी तडा गेलाय. मग मच्छी मार्केट, त्याला खूण लागत नाही. आणि शेवटी आपल्या सिनेगॉगची दगडी पायरी.

चालताना ते बोलत असतात, आणि मी, पनवेलमध्येच वाढलेली, नवीन गावात आल्यासारखी ऐकते. आपण बसस्टँडवरून येतो तो सगळा भाग एकेकाळी गाड्यांच्या चाकांचा होता म्हणतात. घाट उतरून आलेले गाडीवान इथे चाकं दुरुस्त करून घ्यायचे. खाडीतून मचवे बंदराला लागायचे, मीठ आणि तांदूळ चढायचा. तुमचे ज्यू लोक तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी शाब्बाथ, घाणा बंद, म्हणून नाव शनिवार तेली. हे तू मला लग्नाआधी सांगितलं होतंस, पण एका ओळीत. पप्पा भिंतीला हात लावून सांगतात की घाण्याचा बैल इथे उभा राहायचा आणि त्यांच्या आजोबांच्या बोटांचा तिळाच्या पेंडीचा वास शाब्बाथच्या आंघोळीनंतरही जायचा नाही.

पप्पांच्या आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायच्या. एकदा बाहेरगावच्या टांगेवाल्याला त्यांनी "इस्रायल मशिदीत ने" म्हणून सांगितलं आणि त्याने त्यांना वहाबभाईंच्या मोहल्ल्यातल्या मशिदीसमोर उतरवलं. वहाबभाईंच्या आजोबांनी त्यांना पाणी दिलं आणि स्वतः चालत पोचवलं. ही गोष्ट पप्पा आणि वहाबभाई दोघंही सांगतात, आणि दोघांच्या गोष्टीत आपापल्या घरचं माणूस जास्त हुशार असतं.

तुझ्या मट्टांचेरीच्या फरशा सुंदरच असतील. पण इथे बघण्यासारखं काय आहे असं तू विचारलंस, आणि ज्याला दिसत नाही त्याने मला ते दाखवलं. रडगाणं नाही लिहिलं. आता काय ते तू ठरव.

अनुया


खांदा कॉलनी
२२ डिसेंबर २०२४

जोएल,

तुझं उत्तर आठवड्याभरात आलं, म्हणजे माझं पत्र मिळालं त्याच रात्री तू लिहिलंस. तू घाबरला आहेस हे अक्षरावरून कळतं. "त्यांना उद्याच्या उद्या इथे आणतो" असं तू लिहिलंस. मी ते पप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मी एकटा जाणार. घरापासून सिनेगॉगपर्यंत. डोळ्यावर पट्टी बांधून. तू मागून यायचं, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. पोचलो तर जोएलला तसं लिही. नाही पोचलो तर तेही लिही."

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

पट्टी मीच बांधली, मम्मींच्या जुन्या ओढणीची. दहाच्या सुमारास निघालो. तलाव नीट गेला. मिरची गल्लीच्या तोंडाशी ते शिंकले आणि खूश होऊन डावीकडे वळले. मी थोडं अंतर ठेवून मागे होते. लोक वाटेतून बाजूला होत होते. एकाने "काका, पट्टी कशाला?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "सराव."

पुढे गोष्ट बिघडली. वहाबभाईंच्या पुतणीचं, तूबाचं लग्न होतं. दुकानासमोर रस्ताभर मंडप घातला होता आणि दोन मोठे स्पीकर लावले होते. दुकान बंद म्हणजे दोरखंडाचा वास नाही, बिर्याणीच्या डेगीचा धूर सगळीकडे, आणि देवळाची घंटा वाजली असती तरी त्या आवाजात कळली नसती. पप्पा मंडपात शिरले, एका खांबाला खांदा लागला, ते वळले, खुर्चीला अडखळले, पुन्हा वळले. आता त्यांचं तोंड आलेल्या वाटेकडे होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं. ते थांबले. काठी जमिनीवर रोवून नुसते उभे राहिले. त्यांचा चेहरा मला एका बाजूने दिसत होता. ओठ हलत होते.

मी दोन पावलं पुढे गेले. आणि थांबले, कारण मी कबूल केलं होतं.

त्यांनी एकदा काहीतरी विचारलं. गाण्यात ते विरून गेलं. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि त्या आवाजात बोलले, जोएल. एस.टी. स्टँडवरच्या आवाजात. पस्तीस वर्षं ज्या आवाजाने अख्ख्या तालुक्याला अलिबागची आणि उरणची गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगितलं, तो.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. एलियाहू रस्ता चुकलेला आहे. तो कुठे उभा आहे, ते ज्याला दिसत असेल त्याने कळवावे."

वहाबभाई शेरवानी घालून पाहुण्यांना अत्तर लावत होते. त्यांनी तिथूनच हात वर केला आणि गाणं बंद झालं. एवढ्या माणसांत इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

"काका, वहाब बोलतोय. दुकानाच्या पायरीवर आहे मी. माफी असावी, घरचीच शादी आहे, खबर द्यायला हवी होती."

पप्पांनी मान त्या दिशेला वळवली. मग मार्केटच्या दारातून रंभा ओरडली. रंभा करंज्याहून पाटी घेऊन येते, तिच्याकडूनच पप्पा मांदेली घेतात. "काका, रंभा हाय मी, मच्छीकडं. तुमचं तोंड उलट्या बाजूला हाय. सिदं गेलात तर घरी जाल, देवाकडं नाय."

लोक हसले. पप्पाही हसले. देवळाजवळच्या फुलवाल्याने "मी इकडे, काका" म्हटलं, आणि कुणीतरी जाऊन घंटेचा टोल दिला. मंडपातल्या बायकांनी खुर्च्या बाजूला ओढल्या. कुणीही त्यांना हात लावला नाही. कुणीही सांगितलेलं नव्हतं, तरीही.

ते एकेक आवाज ऐकत सावकाश वळले, जसा माणूस होकायंत्र धरून वळतो. मग काठी पुढे केली आणि चालायला लागले. मंडपातून बाहेर पडताना वहाबभाईंना म्हणाले, "मुलीला माझा आशीर्वाद सांग. आणि गाणं लाव आता, लग्न आहे."

सिनेगॉगच्या पायरीला काठी लागली तेव्हा ते खाली बसले. मी पट्टी सोडली. त्यांचे पाय थरथरत होते. मी म्हटलं, "पप्पा, पुरे झालं आता हे."

"थरथरू देत. पोचले ना?" मग म्हणाले, "जोएलला लिही. कोचीला गेलो तर मी आंधळा होईन. इथे मला फक्त दिसत नाही."

लिहिलं.

अनुया


खांदा कॉलनी
१२ जानेवारी २०२५

जोएल,

"माझा बाप मंडपात धडपडत होता आणि तू मागे उभी राहून तमाशा बघत होतीस."

हे वाक्य मी पप्पांना वाचून दाखवलं नाही. बाकीचं पत्र दाखवलं.

हो, मी उभी राहिले. त्या माणसाने माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, ती मी दिली. आपला संसार मोडला तेव्हा नातेवाइकांपैकी एक तेच होते ज्यांनी मला काही विचारलं नाही. मी घर सोडताना माझी शिलाई मशीन त्यांनी स्वतः खाली आणली, टेम्पोत चढवली आणि म्हणाले, "जपून जा." त्या माणसाला हात धरून घरी परत नेणं मला सोपं होतं. तुला वाटतं तितकं उभं राहणं सोपं नव्हतं.

तू येऊन बघ. नऊ वर्षांत तू तीनदा आलास, त्यातला एकदा मम्मींच्या दफनाला. फेब्रुवारीच्या मध्यावर, पप्पांचं नाव ज्या प्रेषितावरून ठेवलं त्या एलियाहू हनाबीचा मलिदा आहे. पोहे, खोबरं, फळं मी आणून देईन, प्रार्थना म्हणायला तू ये. मी त्या दिवसांत तिकडे फिरकणार नाही, म्हणजे तुला अवघड होणार नाही. न्यायचं असेल तर त्यांना विचारून ने.

अनुया


खांदा कॉलनी
९ मार्च २०२५

जोएल,

तू आलास, पाच दिवस राहिलास आणि गेलास. जाताना माझ्या आईच्या हातात वेलदोड्यांचा पुडा देऊन गेलास. आई अजून तो उघडून नुसता हुंगते.

त्या पाच दिवसांत पप्पांनी तुला "नाही" म्हणून सांगितलं आणि तू ते ऐकून घेतलंस, इतकं मला कळलं होतं. मला वाटलं, संपलं. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं होतं. तू गेल्यावरच्या रविवारी मी गेले तर पप्पा दारातच उभे. म्हणाले, "मला कोचीचं तिकीट काढून दे."

मी काही बोलायच्या आत ते चालायला लागले. तलावापाशी त्यांनी सांगितलं ते आता तुला सांगते. तुला सांगू नकोस असं त्यांनी म्हटलं नाही, कदाचित विसरले असतील.

मलिद्याच्या दुसऱ्या दिवशी तू त्यांच्याबरोबर सगळा रस्ता चाललास. निघताना त्यांचा हात धरलास आणि शेवटपर्यंत सोडला नाहीस. मला हात लावू न देणारा माणूस, मी विचारलं, "तुम्ही सोडवून कसा नाही घेतलात?"

"त्याने मला आधार द्यायला धरलाच नव्हता," ते म्हणाले. "लहानपणी शाळेत सोडताना धरायचा तसा धरला होता. अंगठा मुठीत."

मग म्हणाले, "मी त्याला विचारलं, तिथे शेजारी कोण आहे? म्हणाला, बंगाली की कुठले आहेत, बोलणं होत नाही. म्हटलं, शाब्बाथला कुणाकडे जातोस? म्हणाला, उशीर होतो, ऑर्डर करतो. पाच दिवसांत त्याचा फोन कामाशिवाय एकदाही वाजला नाही, अनुया. माझे कान चांगले आहेत. इथे मी एकदा हाक मारली तर अख्खा बाजार ओ देतो. त्याने तिथे मारली तर कोण देईल?"

मी त्यांच्याशी भांडले, जोएल. तू मला ज्या कामाला लावलं होतंस त्याच्या बरोबर उलट. म्हटलं, तुमचा हा रस्ता, हे लोक, दोन वर्षांची मेहनत. तिथे तुम्हाला भाषा येत नाही. तिथे तुम्ही आंधळे व्हाल, तुम्हीच म्हणाला होतात.

"म्हणालो होतो. होईन थोडे दिवस. एक गाव पाठ केलं, आता कसं करायचं ते माहीत झालं. ते मसाल्याचं गाव आहे ना, मग शिंका तर येतीलच." आणि मग, माझ्याकडे न बघता, म्हणजे माझ्या बाजूला बघत, "तुझं काय होईल ते मला कळतं. मशीन उचलून दिली तेव्हाही कळत होतं."

 आम्ही तसेच सिनेगॉगपर्यंत गेलो.

गेल्या रविवारी त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वहाबभाईंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि दोघं आत बसून राहिले, काय बोलले ते मला माहीत नाही. रंभाने सुक्या बोंबलांचा पुडा बांधून दिला, तीन कागदांत, वर प्लास्टिक. "गाडीत उगडू नका, लोक उतरून जातील," म्हणाली. मग पदराने नाक पुसून विचारलं, "परत कवा येणार?"

पप्पा म्हणाले, "परतीच्या गाडीची वेळ फलकावर लावण्यात येईल."

"आमाला वाचता नाय येत, काका."

"मग मी ओरडून सांगेन."

तिकीट शनिवार सोडून काढलं आहे, पुढच्या रविवारचं, नेत्रावती एक्सप्रेसचं. सुट्टी घेऊन मी बरोबर येते, एर्नाकुलमच्या फलाटावर त्यांना तुझ्याकडे सोपवते आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत फिरते. मला आग्रह करू नकोस. मी इथेच राहणारी आहे हे तुला नऊ वर्षांपूर्वी पटलं नव्हतं, आता कदाचित पटेल. जुन्या पनवेलात रविवारी मी जातच राहणार आहे. वहाबभाईंच्या तूबाला आणि तिच्या मैत्रिणींना तो रस्ता ऐकायचा आहे, पप्पा सांगायचे तसा. मला अर्धाच येतो, अर्धा वहाबभाई सांगतील, आणि त्यांच्या आजोबांबद्दलचं आम्ही थोडं कमी करून घेऊ.

तुला काही सूचना. हात त्यांनी मागितला तर दे, स्वतःहून धरू नकोस. तुला धरावासा वाटला तर मात्र धर, ते ओळखतात. घरातलं सामान हलवायचं झालं तर आधी सांग. त्यांच्या औषधाच्या बाटल्यांना मी रबर लावले आहेत, सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन. तू राहतोस तो रस्ता ते येण्याआधी एकदा डोळे मिटून चाल. कुठे वास बदलतो, कुठे पायाखालची फरशी बदलते, कुठल्या दारात कोण खोकतं ते ऐकून ठेव, कारण त्यांना ते तूच शिकवणार आहेस.

आणि आजच जाऊन शेजाऱ्यांची ओळख करून घे. त्या बंगाली लोकांची, समोरच्यांची, खालच्या चहावाल्याची. पप्पा पहिल्याच सकाळी तुझ्या दारात उभे राहतील आणि विचारतील, समोर कोण राहतं. तेव्हा तुला नाव सांगता आलं पाहिजे.

अनुया